उन्हाळ्यात तांबेरा जातो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाचा तांबेरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. काही भागांत त्याला गेरवा म्हणतात. पानावर, खोडावर बारीक लांबट फोड येतात, वरची साल फाटते आणि आतून विटकरी पूड बाहेर पडते. बोट फिरवलं की बोट रंगतं. रोगाचा जोर असेल तर शेतातून फिरून आलेल्या माणसाचे कपडे गुडघ्यापर्यंत लालसर होतात. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे सुटा असताना डोळ्यांना न दिसणारा. पानावर दव असेल, हवा मानवली तर तो रुजतो, पानाच्या आत शिरतो, आणि आठ-दहा दिवसांत नवा फोड, नवी पूड. गव्हाच्या एका हंगामात असे कितीतरी फेरे होतात.

इथवर सगळं सरळ आहे. आता पुढचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघतो. शेत मोकळं. मे महिन्यात मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात पारा ४५ च्या आसपास जातो. तांबेऱ्याची ही बुरशी जिवंत झाडावरच जगते, वाळल्या काडावर तिचं पोट भरत नाही. आणि तिचे विटकरी बीजाणू या उन्हाळ्यात मरून जातात. मग नोव्हेंबरात नवा गहू पेरला की दोन-तीन महिन्यांत तांबेरा पुन्हा हजर कसा? मधले सहा-सात महिने तो होता कुठे?

या एका प्रश्नाच्या मागे एक माणूस जवळजवळ तीस वर्षं लागला होता. त्यांचं नाव करमचंद मेहता. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे गव्हाच्या वाणांची नावं पाठ असतात, पण मेहतांचं नाव शेतकी पदवीधर सोडले तर फारसं कुणी घेत नाही.

मेहतांच्या आधी या प्रश्नाला उत्तरं नव्हती असं नाही. उलट जरा जास्तच होती. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचं नाव आपण ऐकलेलं असतं, त्या स्लीमन साहेबाने नर्मदेच्या खोऱ्यातल्या तांबेऱ्याबद्दल लिहून ठेवलं आहे. १८२७ नंतरच्या काही वर्षांत जबलपूर-सागर भागात गहू असा बुडाला की लोकांनी त्याला दैवी कोप मानलं. युरोपातल्या शेतकऱ्यांचा राग मात्र एका झुडपावर होता. बार्बेरीचं झुडूप बांधावर असलं की शेजारचा गहू तांबेरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फ्रान्समधल्या रुआँ गावाच्या परिसरात तर १६६० साली ही झुडपं तोडण्याचा कायदाच झाला. विद्वान मंडळी त्याला हसत. एका झाडाचा रोग दुसऱ्याच जातीच्या झाडावरून कसा येईल?

हसणाऱ्यांना गप्प केलं आंतोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. बटाट्याच्या करप्यामागची बुरशी त्याने दाखवून दिलीच होती. १८६५ साली त्याने गव्हाच्या काळ्या, म्हणजे खोडावरच्या तांबेऱ्याचा पूर्ण फेरा मांडला. हंगाम संपत आला की विटकरी फोडांच्या जागी काळे फोड येतात. त्यातले जाड सालीचे काळे बीजाणू थंडीत टिकून राहतात. वसंतात ते रुजतात, पण त्यातून निघालेली पिढी गव्हावर वाढतच नाही. ती वाढते बार्बेरीच्या पानावर. तिथून निघालेले बीजाणू पुन्हा गव्हावर. अर्धा संसार एका झाडावर आणि अर्धा दुसऱ्यावर. शेतकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. पुढे अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोठी मोहीमच काढली.

मग भारतातही तसंच असणार, नाही का? आपल्याकडे बार्बेरी आहेच. तुम्ही तिला दारुहळद म्हणून ओळखता, वैद्यांच्या औषधातली. हिमालयात तिच्या अनेक जाती आहेत, निलगिरीतही आहे. पुस्तकातलं उत्तर तयार होतं, फक्त इथे आणून चिकटवायचं होतं. परदेशात सिद्ध झालेली गोष्ट इथे तपासून न बघता शिकवण्याची सवय आपल्याला तेव्हाही होती. मेहता स्वतः केंब्रिजला शिकून आलेले, तिथे तांबेऱ्यावरच काम केलेले. तरी त्यांनी ते उत्तर जसंच्या तसं घेतलं नाही.

त्यांचा हिशोब साधा होता. काळे बीजाणू थंड देशात हिवाळा काढायला उपयोगी. आपल्याकडे ते तयार होतात आणि लगेच उन्हाळा सुरू होतो. मैदानात दारुहळद नाही. डोंगरात आहे, तिच्या पानांवर तांबेऱ्यासारखे फोडही सापडतात, पण ते तपासल्यावर भलत्याच गवताच्या तांबेऱ्याचे निघाले. गव्हाशी त्यांचा संबंध लागेना. आणखी एक मत होतं ते स्वीडनच्या एरिकसनचं: रोग बियाण्यातच दबून बसतो. पण तांबेरलेल्या पिकाचं बी बाहेरचे बीजाणू येणार नाहीत अशा बंदिस्त जागेत पेरलं की रोपं स्वच्छ उगवतात. तेही मत निकालात निघालं.

राहिली एकच शक्यता. विटकरी बीजाणू कुठेतरी गारव्यात, जिवंत गव्हावर उन्हाळा काढत असले पाहिजेत. ती जागा शोधायची.

१९२० च्या दशकात मेहतांनी सुरुवात केली. कापणीनंतर डोंगरात काय उरतं ते बघायला ते हिमालयाच्या उतारांवर गेले, तसे दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतही. तिथे त्यांना हवं ते दिसलं. सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू आणि बार्ली, कापलेल्या बुडख्यांना आलेले हिरवे फुटवे, आणि भर उन्हाळ्यात त्यांच्यावर ताजा, जिवंत तांबेरा. निलगिरीत तर उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्याच्या तोंडावर दुसरा, असे गव्हाचे दोन हंगाम घेत. तांबेऱ्याला वर्षभर पान मिळत होतं.

पण डोंगरात तांबेरा आहे म्हणून मैदानातला तिथूनच येतो असं थोडंच ठरतं? हे ठरवण्यासाठी त्यांनी काचपट्ट्या वापरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो ना, तशा साध्या पट्ट्या. त्यांना चिकट लेप द्यायचा, ठिकठिकाणी वाऱ्यावर ठेवायच्या, ठरावीक वेळाने उतरवायच्या आणि त्यांवर गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू किती बसले ते मोजायचं. कंटाळवाणं काम. परागकण, धूळ, इतर पन्नास बुरश्यांचे बीजाणू, त्यातून हवे तेवढे ओळखायचे. जोडीला दुसरी नोंद: कोणत्या गावात तांबेरा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला. दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवले तर हवेत बीजाणू आधी सापडतात आणि पिकावर फोड मागाहून येतात. शिवाय रोग सगळीकडे एकदम उगवत नाही. डोंगराच्या जवळ आधी, लांब गेलं की उशिरा.

१९२९ च्या विज्ञान परिषदेत वनस्पतिशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदावरून मेहतांनी दरवर्षी परतणाऱ्या तांबेऱ्याचाच विषय घेतला. पुढे शेती संशोधन परिषदेचा पैसा मिळाला, शिमल्याला फ्लॉवरडेल इथे प्रयोगशाळा उभी राहिली. १९४० साली त्यांचा पहिला मोठा प्रबंध निघाला. दुसरा १९५२ साली आला, तेव्हा मेहता हयात नव्हते. १९५० मध्ये ते गेले होते.

त्यांनी उपायही सुचवला होता, आणि तो मला फार विचार करायला लावतो. डोंगरातला आपोआप उगवलेला गहू पेरणीआधी उपटून टाका, आणि निलगिरी-पळणीत उन्हाळी गहू काही काळ बंद ठेवा. साखळी तुटेल. शास्त्र म्हणून बिनतोड. पण ज्या डोंगरी शेतकऱ्याकडे दोन-चार वाफे गहू आहे, त्याला सांगायचं काय? तू पेरू नकोस, हजार किलोमीटरवर कुणाचा तरी गहू वाचेल? हा उपाय मोठ्या प्रमाणावर अमलात आला नाही. मला त्यात नवल वाटत नाही.

मेहता असतानाच, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज नोंदलेला आहे. रेशनचे दिवस होते, धान्य आधीच टंचाईत.

मेहतांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती नंतर झाली. काळा तांबेरा उत्तरेत हिमालयातून आणि दक्षिणेत निलगिरीतून येतो असं त्यांना वाटे. पुढच्या अभ्यासात दिसलं की काळ्या तांबेऱ्याचा खरा उगम दक्षिणेकडचाच. हिमालयातून येणारा पिवळा तांबेरा वेगळा. त्याला थंडी लागते, म्हणून पंजाबात त्याची भीती आणि आपल्याकडे नाही. नारिंगी, म्हणजे पानावरचा तांबेरा, दोन्हीकडून येतो.

१९७० च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानखात्याचे नकाशे हाताशी घेऊन दक्षिणेकडचा प्रवास उलगडला. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळं होतात. त्यांच्या फिरत्या वाऱ्यात निलगिरीवरचे बीजाणू उचलले जातात, कर्नाटक-महाराष्ट्रावरून मध्य भारतापर्यंत येतात. नुसतं येऊन भागत नाही. त्याच वेळी तिथे पाऊस पडावा लागतो, तेव्हा ते हवेतून धुऊन खाली, नुकत्याच वर आलेल्या गव्हावर उतरतात. वारा, पाऊस आणि कोवळं पीक, तिन्हींची वेळ जुळली की साथ. एक चुकलं तरी सुटका. म्हणजे आपल्या विदर्भातल्या शेतात फेब्रुवारीत दिसणाऱ्या तांबेऱ्याची तारीख कित्येकदा नोव्हेंबरातच ठरलेली असते, चेन्नईच्या किनाऱ्यावर.

डोंगरातला गहू बंद करता येत नसेल तर तिथे तांबेऱ्याला दाद न देणारा गहू पेरावा, हा पुढचा विचार. निलगिरीत कुन्नूरजवळ वेलिंग्टनला गव्हाचं संशोधन केंद्र आहे ते यासाठीच. तिथे वर्षभर गहू उभा असतो आणि तांबेरा आपसूक येतो, त्यामुळे नव्या वाणाची परीक्षा आयतीच होते. आपल्याकडे महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. थंड हवा खायला जाणाऱ्या पर्यटकांना पत्ताही नसतो, पण तिथल्या गारव्यात बिगरहंगामी गहू घेता येतो आणि त्यावर गेरवाही नांदतो. निफाडच्या केंद्राने दिलेले त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे वाण तुमच्यापैकी काहींनी लावलेही असतील.

आणि जाता जाता आपल्या खपली गव्हाचं. खीर, पुरणपोळीसाठी आपण शोधून आणतो तोच. अमेरिकेतल्या स्टॅकमन या शास्त्रज्ञाने काळ्या तांबेऱ्याच्या उपजाती ओळखण्यासाठी गव्हांचा एक संच ठरवला; त्यातल्या कोणत्या गव्हावर रोग येतो, कोणत्यावर नाही, यावरून उपजात कळते. त्या बारा गव्हांत एक खपली आहे, आणि जगभर त्याला ‘खपली’च म्हणतात. तांबेऱ्याला अडवणारी काही जनुकं या खपलीतून पुढच्या वाणांत गेली. १९९० च्या दशकाअखेरीस युगांडात काळ्या तांबेऱ्याची नवी उपजात सापडली आणि भलेभले वाण तिच्यापुढे पडले, तेव्हा तिला तोंड देणाऱ्या जनुकांत खपलीतलं एक होतं.

उपजाती बदलत राहतात, म्हणून फ्लॉवरडेलला आजही देशभरातून तांबेऱ्याचे नमुने जातात. तुमच्या गव्हावर यंदा तांबेरा दिसला तर चार-पाच रोगट पानं, खोडावर असेल तर खोडाचे तुकडे, सावलीत जरा सुकवा आणि कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकची पिशवी नको. आत घाम धरतो आणि नमुना कुजतो. पाकिटावर गाव, तालुका, वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि रोग पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहा. कृषी सहायकाकडे द्या, किंवा निफाड-महाबळेश्वरच्या केंद्राकडे पोचवा. तारीख मात्र आठवणीने लिहा. मेहतांचं अर्धं काम त्या तारखांवरच उभं होतं.

नमस्कार.