सांध्याच्या कडेची तार

मित्रहो, घरी विमान बांधणारे आपण लोक रिव्हेट आणि रेझिन यांच्यावर वर्षे घालवतो आणि वायरिंगपाशी आलो की घाईला येतो. आज मी फक्त बारीक तारेच्या टोकाबद्दल बोलणार आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकावर बसवायचा धातूचा जोड, नीट दाबून बसवलेले असेल, तर तार सहसा सांध्यात तुटत नाही, ती तुटते सांध्याच्या कडेला, जिथे ताठ भाग संपतो आणि लवचीक भाग सुरू होतो.

हे मला माझ्याच विमानाने शिकवले. इंजिन एका ठरावीक वेगाच्या आसपास आले की तेलाच्या तापमानाचा काटा धाडकन खाली पडायचा आणि वेग बदलला की पुन्हा जागेवर यायचा. सेन्सर बदलला, मीटर बदलला, काही उपयोग झाला नाही. शेवटी सेन्सरजवळचे टर्मिनल कापून त्याचे लाल नायलॉनचे आवरण उभे चिरले, तेव्हा आत तारेचे बहुतेक पदर, म्हणजे तांब्याचे बारीक धागे, तुटलेले दिसले. तारेचे स्वतःचे आवरण मात्र शाबूत होते आणि तार जागेवर धरून ठेवत होते, त्यामुळे तुटलेली टोके कंपनाबरोबर एकमेकांना टेकत आणि सुटत होती. तुटलेल्या टोकांवर भिंगातून बारीक चरे दिसले. ती तार मी चाकूने सोलली होती.

म्हणून सुरुवात सोलण्यापासून करतो. विमानात भरीव, एकाच जाड धाग्याची तार वापरत नाहीत, कारण ती कंपनाने थकून मोडते. आपण बहुतेक ठिकाणी वापरतो ती एम २२७५९/१६ या जातीची, टेफ्झेल नावाच्या प्लॅस्टिकच्या आवरणाची तार १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि पीव्हीसीसारखा घातक धूर सहजी करत नाही. गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, तो जितका मोठा तितकी तार बारीक. २२ गेजच्या अशा तारेत कथिलाचा मुलामा दिलेले १९ पदर असतात आणि तांब्याचा एकूण छेद अर्ध्या चौरस मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. त्यातल्या चार पदरांना चरा पडला, तर वीज वाहून नेण्यात काहीच फरक जाणवत नाही. पण प्रत्येक चरा ही पुढच्या तड्याची सुरुवात असते, एक पदर तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो, आणि ते काम इंजिन चालू असेपर्यंत थांबत नाही. टेफ्झेल कठीण आणि निसरडे असते, त्यामुळे साध्या सोलणीने ओढले की पाती तांब्यात रुततात. प्रत्येक गेजसाठी अचूक भोक असलेली सोलणी महाग वाटते, पण हत्यारांवर पैसे कुठे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका. सोलल्यावर पदर भिंगाखाली पाहा. शंका आली की टोक कापून टाका आणि पुन्हा सोला. त्यासाठीच तार सुरुवातीला थोडी लांब ठेवायची असते.

आता दाबण्याकडे येतो. क्रिंप म्हणजे टर्मिनल तारेवर चेपणे, एवढीच समजूत असेल तर माणूस हाताच्या जोरावर भरवसा ठेवतो. खरे काम वेगळे आहे. पक्कडीचा साचा नळी आणि पदर यांना एवढे दाबतो की तांबे थंड अवस्थेतच पसरते, गोल पदरांना कोपरे येतात आणि मधल्या फटी बुजतात. हवाच आत शिरत नसल्यामुळे तिथे गंज धरत नाही. एखादा चांगला क्रिंप आडवा कापून टोक कानशीने घासा आणि भिंगाखाली धरा: मधाच्या पोळ्यासारखे, एकमेकांना खेटून बसलेले पदर दिसतील. दाब कमी पडला असेल तर काळ्या फटी दिसतात, जास्त झाला असेल तर पदर चिरडून निम्मे झालेले असतात. म्हणजे दाब नेमका हवा, आणि तो मनगटावर सोडता येत नाही. रॅचेटची, म्हणजे दात्यांच्या खटक्याची, पक्कड पुरती दाबल्याशिवाय उघडतच नाही, हाच तिचा गुण. टर्मिनलचा रंगही गेजशी बांधलेला असतो: लाल २२ ते १६, निळा १६ ते १४, पिवळा १२ ते १० गेजसाठी. तार, टर्मिनल आणि पक्कडीचा साचा ही तिन्ही एकमेकांसाठीच केलेली असायला हवीत.

चांगल्या प्रतीच्या टर्मिनलमध्ये दोन पकडी असतात. पुढची तांब्याला धरते आणि वीज वाहून नेते. मागची तारेच्या आवरणाला धरते. तिचा विजेशी काही संबंध नाही, पण मघाशी म्हटलेली सांध्याची कड तीच सांभाळते, कारण तार वाकते तेव्हा वाकण्याची जागा उघड्या पदरांवर न येता आवरणावर येते. स्वस्त टर्मिनलमध्ये प्लॅस्टिकच्या आत धातूची ती दुसरी नळी नसते. बाहेरून दोन्ही सारखीच लाल दिसतात, आणि ही फसगत अगदी सहज होते.

तार क्रिंप करावी की सोल्डरने, म्हणजे कथिलाचा मिश्रधातू वितळवून, जोडावी हा जुना वादही इथेच मिटतो. सोल्डर वाईट नाही, पण ते पदरांतून वर चढते आणि आवरणाखाली जिथे थांबते तिथे एकोणीस पदरांची एक काडी संपून पुन्हा पदर सुरू होतात. त्या रेषेवर तार मोडते. सोल्डर केलेल्या सांध्यामागे तारेला भक्कम आधार दिला, तर तोही वर्षानुवर्षे टिकतो. क्रिंप केल्यावर वरून सोल्डर घालणे मात्र मला पटत नाही. त्याने चांगला क्रिंप सुधारत नाही आणि बिघडलेला झाकला जातो.

एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, डी-सब कनेक्टरमधली (इंग्रजी D आकाराच्या, अनेक पिनांच्या जोडातली) कोरीव पिन या बाबतीत वेगळी. तिची पक्कड चार बाजूंनी खळ्या पाडते, आणि पिनेच्या अंगाला एक सूक्ष्म भोक असते, त्यातून तांबे दिसले म्हणजे तार पुरती आत गेली आहे. परंतु या पिनेला आवरण धरणारी मागची पकड नसते. तिथे आधार द्यायचा तो कनेक्टरच्या मागच्या टोपणाने, त्यातल्या पट्टीने तारांचा जुडगा घट्ट धरून. टोपण न लावता नुसता कनेक्टर खोचून ठेवलेले पॅनेल मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला तो काटा आठवला आहे. पिन आत ढकलताना 'टक्' झाले की तार हलकेच मागे ओढून पाहावी. अर्धवट बसलेली पिन जमिनीवर चालते आणि हवेत सुटते.

परीक्षा डोळ्यांनी होत नाही. नवी पक्कड किंवा टर्मिनलांची नवी थैली उघडली की पाच-सहा नमुने करा आणि तुटेपर्यंत ओढा. टर्मिनल खिळ्याला अडकवून तारेला वजनाचा स्प्रिंगकाटा लावला तरी पुरते. २२ गेजच्या तारेने सुमारे ७ किलो आणि १८ गेजच्या तारेने सुमारे १७ किलो ओढ सोसली पाहिजे. तार सरकून सबंध बाहेर आली तर दाब कमी, नळीच्या तोंडाशीच लवकर तुटली तर दाब जास्त किंवा पदरांना चरे. विमानात बसवलेल्या टर्मिनलला अर्थात एवढे ओढायचे नाही, दोन बोटांनी एक झटका पुरे.

बसवल्यावर टर्मिनलमागे तार थोडी सैल ठेवा आणि मग पहिला आधार द्या. तो आधार आणि टर्मिनल विमानाच्या एकाच भागावर असावेत, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. एक टोक इंजिनला आणि दुसरे फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीला, अशी तार असेल, तर मधे मोकळा वळसा हवाच. वार्षिक तपासणीत मी टर्मिनलकडे फारसा पाहतही नाही. त्याच्या मागच्या पाच सेंटिमीटर तारेवरून बोट फिरवतो, आणि एखादी जागा बाकीच्यांपेक्षा मऊ लागली की ती कापून नवे टोक करतो.