बदली एकाची, गाव सगळ्यांचं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत एकच चर्चा असते, "यादी लागली का?" यादी लागते, ऑर्डर हातात पडते आणि जूनच्या पहिल्या पावसात ताडपत्री बांधलेला एखादा टेम्पो घाट उतरून कोकणात येतो. त्यात कपाट असतं, गॅसची शेगडी असते, मुलांच्या सायकली असतात, तुळशीची कुंडी असते. आज मला बोलायचंय ते त्या टेम्पोमागून येणाऱ्या माणसांविषयी. ऑर्डरवर नाव एकाचंच असतं. गाव मात्र घरातल्या सगळ्यांचं सुटतं.

ज्याची बदली झाली त्याला पहिल्या दिवशी टेबल-खुर्ची मिळते, "या साहेब, चहा घेणार ना?" असं विचारणारं कुणीतरी भेटतं. मुलांना शाळा मिळते, गोड लागो की कडू. उरतात ती घरातली बाकीची माणसं. त्यांना मिळतात चार भिंती आणि अनोळखी खिडकीतून दिसणारा पाऊस. म्हणून नवं गाव बघायला सगळ्यांनी मिळून बाहेर पडणं ही चैन आहे असं मला अजिबात वाटत नाही. खोकी महिनाभर तशीच राहिली तरी चालेल, बाहेर पडणं राहू नये. आणि कुठे जायचं ते बदली झालेल्या माणसाने ठरवू नये. ज्याचं सगळ्यात जास्त मागे राहिलंय, त्याने ठरवावं.

मी बँकेत नोकरी करते. आमचं बिऱ्हाड बार्शीहून रत्नागिरीला आलं. घरात सासूबाई, हिशेबाची कामं घरून करणारे माझे मिस्टर, आठवीतली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. आमच्या घरात सगळ्यात जास्त सुटलं ते सासूबाईंचं. बार्शीला रोज पहाटे भगवंताच्या देवळात जायचं, संध्याकाळी भजनाला बसायचं, येता-जाता दहा ठिकाणी थांबून विचारपूस करायची. इथे त्या ग्रिलला टेकून बसायला लागल्या. तक्रार नव्हती, पण बोलणंही नव्हतं. बार्शीत अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. तो बघत त्या एकदाच म्हणाल्या, "याला थांबायचं माहीत आहे का गं?"

आमची पहिली फेरी निघाली ती कुठलं प्रेक्षणीय स्थळ पाहायला नव्हे, तर सासूबाईंसाठी ज्वारी शोधायला. रत्नागिरी उतारावर वसलेली आहे. वर मारुती मंदिर, तिथून उतरत जयस्तंभ, पुढे बाजारपेठ आणि अगदी तळाला मांडवीचा समुद्र. छत्र्या सावरत, चिऱ्याच्या गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या कडेने आम्ही उतरत गेलो. रामआळीत एका दुकानात पोत्याचं तोंड उघडून दुकानदाराने ज्वारी दाखवली. सासूबाईंनी मूठभर उचलली, तळहातावर पसरली, दोन दाणे दाताखाली धरले आणि म्हणाल्या, "चालंल." दुकानदाराने विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?" मग बार्शी, भगवंत, तिकडचा दुष्काळ, इकडचा पाऊस अशा गप्पा झाल्या. गिरणी कुठली, ज्वारी दळायला सकाळी लवकर का जायचं, भाकरीला तवा कुठे मिळेल, हे सगळं त्यांनी स्वतः विचारून घेतलं. मुलांना त्या दिवशी फक्त भजी मिळाली, पण ती दोघंही त्या दुकानाला अजून आजीचं दुकान म्हणतात.

गावाशी ओळख अशी कामाच्या निमित्ताने होते यावर माझा विश्वास आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी थांबवून "कुठल्या हो तुम्ही?" विचारत नाही. तो आज आला, उद्या गणपतीपुळ्याला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दळण घेऊन आलेल्या बाईला मात्र विचारतात.

आता भरतीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे आमच्या घरातलं वारंच बदललं.

पाऊस जरा ओसरल्यावर आम्ही मांडवीला गेलो. मुलं पाण्याकडे धावली आणि मी नेहमीप्रमाणे ओरडले. बंधाऱ्यावर एक वयस्क गृहस्थ जाळं सांधत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा पदर ताणून धरलेला, हातात सुई, नजर गाठीवर. त्यांनी मान वर न करता सासूबाईंना विचारलं, "बाय, आज तिथी काय?" सासूबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "षष्ठी." ते म्हणाले, "मग साडेचारला पाणी भरणार. आता चढतंय. पोरांना खडकाकडे सोडू नका."

सासूबाईंनी त्यांच्या शेजारी बसकण मारून हे गणित समजून घेतलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. साधारण सहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण घरातून कधी निघायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

आयुष्यभर एकादशी आणि चतुर्थी पाळलेल्या बाईला हे गणित नवं नव्हतंच. तिथ्या तिच्या जिभेवर होत्या, फक्त आता त्यांना समुद्र जोडला गेला. त्या दिवसापासून आमच्याकडे रविवारचा कार्यक्रम सासूबाई ठरवतात. भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभ्या राहतात आणि सांगतात, "या रविवारी द्वादशी. नऊला भरती. म्हणजे तीनला पाणी आत गेलेलं असंल. जेवून निघू, भाट्याला जाऊ." नातवंडं त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. खिडकीला टेकून बसलेली आजी आता घरातली समुद्राची जाणकार झाली होती. पण एक विनंती आहे. वेळ कळली म्हणजे पाणी कळलं असं नाही. घाटावरच्या माणसांनी इथल्या समुद्रात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावं आणि तो नको म्हणाला तर अजिबात उतरू नये. पाणी उतरत असताना तर नाहीच नाही, तेव्हाची ओढ वरून दिसत नाही.

मुलाचं गाव निराळं निघालं. मांडवीची वाळू काळी आणि रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र, असं का, हा त्याचा प्रश्न. या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोह आणि टायटॅनियमची जड खनिजं आहेत. त्याने फ्रीजवरचं लोहचुंबक काढून खिशात घातलं. कोरड्या वाळूवरून फिरवलं तर चुंबकाला दाढी फुटल्यासारखे काळे कण चिकटले. तो तासभर तिथून हलला नाही. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर पाहायला गेलो तेव्हाही त्याला तिथल्या वस्तूंपेक्षा एकच गोष्ट भावली. टिळकांचा जन्म इथला, 23 जुलै 1856 चा. पण वडील शिक्षणखात्यात, त्यांची पुण्याला बदली झाली आणि 1866 मध्ये सगळं घर इथून हललं. "म्हणजे तेव्हा टिळक दहा वर्षांचे होते?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

मुलगी मात्र रुसलेली होती. तेरा-चौदाच्या वयात मैत्रिणी सोडून येणं काय असतं, ते आपण मोठी माणसं फार लवकर विसरतो. समुद्र नको, किल्ला नको, फोटो तर नकोच. म्हटलं, या खेपेला तू ठरव. तिने शाळेत ऐकलेलं नाव सांगितलं, थिबा राजवाडा.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणीसह देशाबाहेर काढलं आणि 1886 मध्ये इथे रत्नागिरीत आणून ठेवलं. परत जायची परवानगी नाही. हा राजवाडा पूर्ण झाला 1910 मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली. 1916 मध्ये राजा इथेच वारला. लाल भिंती, उतरती छपरं, वरच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांना लाकडी नक्षी. मुलगी सगळ्यांच्या मागे रेंगाळत चालली होती. एका खिडकीशी थांबून तिने विचारलं, "त्यांच्या मुलींना इथे मैत्रिणी होत्या का?"

चार राजकन्या होत्या. त्यांना मैत्रिणी होत्या की नव्हत्या, हे फलकावर कुठे लिहिलेलं नसतं. पण पुढचं थोडं मला माहीत होतं, ते मी तिला सांगितलं. राजाच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि अखेरपर्यंत इथेच राहिली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. घरी परतताना मुलगी थिबा पॉइंटवर बराच वेळ कठड्याशी उभी होती. खाली भाट्याची खाडी, नारळांची गर्दी, पलीकडे सोमेश्वर. तिने स्वतःहून फोन काढला आणि बार्शीच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून म्हणाली, "थांब, तुला दाखवते." आम्ही सगळे मुद्दाम लांब, शेंगा खात उभे राहिलो.

मिस्टरांचं सांगायचं तर त्यांना मिरकरवाडा बंदराने ओढून घेतलं. आम्ही आलो तेव्हा मासेमारी बंद होती. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, कारण माशांच्या प्रजननाचा काळ तो आणि समुद्र खवळतो तोही तेव्हाच. त्या दोन महिन्यांत बंदरावर नुसत्या शाकारलेल्या होड्या दिसायच्या. ऑगस्ट उजाडला आणि बंदराचा नूरच पालटला. बर्फाच्या गाड्या, लिलावाची ओरड, टोपल्यांची ने-आण. आता ते मुलांना घेऊन जातात आणि बांगडा घेताना कल्ला उचलून लाल आहे ना ते बघतात, डोळा पाहतात, पोटावर बोट दाबून घट्ट आहे ना याची खात्री करतात. हे त्यांना शिकवलं एका मासेवालीनेच, तेही स्वतःच्याच टोपलीतला एक मासा बाजूला काढून, "दादा, हा नको, सकाळचा नाही," असं सांगून. सासूबाई माळकरी. त्या तिकडे येत नाहीत आणि आम्ही आग्रह करत नाही. त्या वेळात मी त्यांच्याबरोबर पतितपावन मंदिरात बसते. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या प्रयत्नातून 1931 मध्ये हे लक्ष्मीनारायणाचं मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. पहिल्याच दिवशी तिथल्या भजनी बायकांनी सासूबाईंच्या हातात टाळ दिले.

आता थोडं इथल्याच श्रोत्यांशी बोलते. रत्नागिरीत, चिपळुणात, मालवणात, वेंगुर्ल्यात, अलिबागेत तुमच्या आळीत दरवर्षी असे टेम्पो रिकामे होतात. सामान उतरवताना तुम्ही पाणी आणून देता, चहा पाठवता, आम्हाला त्याचा अनुभव आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यानंतरही एकदा दार वाजवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, काय चुकल्यासारखं वाटतंय. रविवारी नुसता पत्ता सांगू नका, पहिल्या खेपेला सोबत चला. नारळी पौर्णिमेला बंदरावर न्या. शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी निघेल तेव्हा त्यांना आधी निरोप द्या, कारण पालखी कुठून येते, दारात आली की काय करायचं, ओटी कशी भरायची, हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं.

आणि यंदा जे नव्याने आले आहेत त्यांना एवढंच सांगते. पाऊस थांबायची वाट बघू नका, तो थांबत नाही. छत्र्या घ्या, घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला विचारा कुठे जायचं, आणि निघा. आमचा पुढचा बेत उक्षीचा आहे. तिथे सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे, आणि या खेपेला वाट शोधायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय.

नमस्कार.