पान उलटलं तरी वाचन चालूच

श्रोतेहो, नमस्कार.

वाचताना अडखळणारं मूल म्हटलं की डोळ्यांपुढे मुलगाच येतो. मलाही तोच यायचा. मग माझ्या तिसरीच्या वर्गात वैशाली आली. नाव बदलून सांगते आहे.

अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं उतरवून वही सगळ्यांच्या आधी टेबलावर. धडा वाच म्हटलं की घडाघडा वाचायची. एके दुपारी ती वाचत असताना पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं. हिचं बोट नव्या पानावर ओळीओळीनं सरकतंय, आणि तोंडून मागच्याच पानावरची वाक्यं येताहेत, एक शब्द न चुकता! मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून कागदावर 'मगर' लिहून दिलं. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, हे दादानं नाही वाचून दाखवलं."

रोज रात्री भाऊ धडा वाचायचा, ही चुलीशेजारी बसून ऐकायची. दोनदा ऐकलं की पाठ. पाठांतराला हल्ली नावं ठेवतात, ते मला मुळीच पसंत नाही. पाढे, कविता पाठ हव्यातच. असो. त्याच वर्गात एक मुलगाही असाच अडायचा. तो बाक वाजवायचा, म्हणून त्याला मी पहिल्याच महिन्यात तपासायला पाठवलं होतं. वैशालीचं अर्धं वर्ष वाया गेलं, त्याची रुखरुख अजून आहे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात दुसरीच्या मुलांची पाहणी झाली, 1990 साली ती छापून आली. शाळांनी वाचन-अक्षम ठरवलेले शंभर मुलग्यांत जवळपास 14, शंभर मुलींत 3. मग संशोधकांनी त्याच मुलांची स्वतः चाचणी घेतली, तर मुलगे 9, मुली 7. पुन्हा सांगते. शाळेच्या नजरेला 14 आणि 3, चाचणीत 9 आणि 7.

एकूण बुद्ध्यांकात मुलगा-मुलगी फरक जवळपास नाहीच. चिन्हं बघून भराभर उतरवायच्या चाचणीत मात्र मुली सरासरीनं पुढे असतात. म्हणून वही पुरी होते, आणि वही पुरी दिसली की वाचन कुणी तपासत नाही.

तेव्हा लेकीला कधीच न ऐकलेलं काही वाचायला द्या. धड्यातलं नको. एसटीची पाटी, किराणाची यादी. अडली तर तपासणी करून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचणही, आली आहे.

वैशालीनं न ऐकलेला शब्द पहिल्यांदा वाचला तो तेलाच्या डब्यावरचा. 'शेंगदाणा'. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. मग डबा उचलून आईला दाखवायला धावली.