अध्यक्षांचा फोटो आणि व्याजदराचा तक्ता

(बेळगाव तालुक्यातील एका गावच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, वेबसाइट मोबाईलवर नीट चालावी म्हणून काय करावे, हा आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे आणि त्यावर मी येणारच आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल, कारण ती ऐकवण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले, हे आयोजकांना आता कळले तरी हरकत नाही.

आपल्या भागातील एका पतसंस्थेची वेबसाइट आहे. संस्थेचे नाव घेत नाही, संचालक मंडळातील कोणी सभागृहात असू शकेल. आमच्या गल्लीतील आक्कांना मुदतठेवीचा व्याजदर पाहायचा होता. त्यांच्या फोनवर आम्ही ती वेबसाइट उघडली, तर आधी अध्यक्षांचा फोटो आला, तो सरकला आणि उपाध्यक्षांचा आला, आणि खाली जावे म्हणून बोट लावले की पुन्हा अध्यक्ष हजर. ही फेरी ओलांडल्यावर वार्षिक सभेचे हारतुरे होते, आणि त्यांच्याही खाली, कार्यालयात लावलेल्या परिपत्रकाचा फोटो काढून तोच व्याजदराचा तक्ता म्हणून चिकटवलेला होता. "बाळ, मोठं कर की रे, काय दिसंना झालंय," आक्का म्हणाल्या. मी दोन बोटांनी ताणून पाहिले, पण पान हलेना, कारण ते बनवणाऱ्याने झूम करण्यास बंदी घालणारी ओळ कोडमध्ये लिहून ठेवली होती. (आयफोनच्या सफारी ब्राउझरने २०१६ पासून ही बंदी धुडकावली आहे, अँड्रॉइडवरचा क्रोम मात्र ती मुकाट्याने पाळतो, तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन झूमची सक्ती करावी लागते, आणि ही सेटिंग माहीत असलेल्या आक्का मला अजून भेटायच्या आहेत.) शेवटी शाखेला फोन करायचे ठरले, तर फोन नंबरही त्याच फोटोत असल्यामुळे त्यावर बोट ठेवून काही होईना. आम्ही तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि मग लावला.

हे घडते ते आळसामुळे असे मला वाटत नाही. वेबसाइट कार्यालयातील मोठ्या मॉनिटरवर बनते, तिथेच संचालकांना दाखवली जाते आणि तिथेच मंजूर होते. त्या रुंदीत अध्यक्ष आणि व्याजदर दोघेही शेजारी शेजारी सुखाने मावतात. फोनच्या पडद्यावर एकाच्या खाली एक असेच बसावे लागते, म्हणून वर कोण आणि खाली कोण हे कोणीतरी ठरवावेच लागते. आधी अरुंद पडद्यासाठी मांडणी करा आणि मग रुंद पडद्याकडे जा, हा वेब-डिझायनर ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेला विचार मला पटतो तो यासाठी, की त्यात येणाऱ्या माणसाचे काम आधी विचारात घ्यावे लागते. ठेवीदार व्याजदर आणि शाखेचा नंबर यांसाठी येतो. अध्यक्षांनी राग मानू नये. त्यांना तळाशी भरपूर जागा आहे.

आयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता भराभर उरकतो.

पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचे हे ब्राउझरला सांगणारी, ओळ नसेल, तर मोबाईल ब्राउझर साधारण ९८० पिक्सेल रुंदीचे पान गृहीत धरून ते आक्रसतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर १६ पिक्सेलचे अक्षर मग जेमतेम ६ पिक्सेलचे दिसते. ती ओळ लिहा आणि रुंदी फोनच्या रुंदीइतकी ठेवा. त्यापुढचे काम वेब-डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये एकत्र बांधून दिले आहे: प्रमाणात बदलणारे रकाने, आपल्या रकान्याबाहेर न जाणारी चित्रे आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी.

आपल्या लिपीकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटणाची उंची ठरवून टाकली की वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो, आणि आपल्याकडे त्याच पानावर कन्नडही असते, ज्यातील ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरातील दुसरी अक्षरे, ओळीच्या खाली उतरतात. म्हणून उंची मोकळी सोडावी आणि दोन ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. शीर्षक ऐटदार दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, तेव्हा तो मोह टाळावा. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

वेगाचे म्हणाल, तर पानातील मुख्य मजकूर वा चित्र अडीच सेकंदांत दिसावे, अशी गूगलची कसोटी आहे. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंजची एखादी दांडी धरून बसलेल्या माणसावर कॅमेऱ्यातून निघालेला फोटो तसाच लादू नये. तो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात, लहान करून द्यावा. बटण बोटाला सापडेल एवढे हवे, २४ पिक्सेलपेक्षा लहान तर नकोच. अँड्रॉइडची शिफारस, त्याच्या dp या मापाने, ४८ एककांची आहे. फोन नंबर मजकूर म्हणून लिहावा आणि त्याला फोन लावणारी लिंक द्यावी. फॉर्ममधील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवले, तर त्या चौकटीवर बोट ठेवताच आयफोन पान आपोआप मोठे करतो, आणि खाते क्रमांकाच्या चौकटीला आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा, हेही सांगून ठेवता येते. फॉर्मविषयीचे बाकीचे प्रश्नोत्तरांत बोलू.