रविवारी सकाळी, दार लावून

नमस्कार श्रोतेहो. आज एका कोचबद्दल बोलायचंय. नाव जॉन मॅकलेंडन. परत सांगतो, जॉन मॅकलेंडन, कारण आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना एनबीएचे प्लेअर तोंडपाठ, त्यांचे बूट तोंडपाठ, पण हे नाव विचारलं तर एकमेकांकडे बघतात. हा माणूस अमेरिकेतल्या छोट्या छोट्या कॉलेजांत आयुष्यभर कोच होता. आणि आज कुठल्याही कोर्टवर रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेला बॉल, हातात आला रे आला की पोरं जी सुसाट पलीकडच्या बास्केटकडे सुटतात ना, तो फास्ट ब्रेक, तो नीट बसवण्यात या माणसाचा फार मोठा वाटा आहे.

जन्म १९१५ चा, कॅन्सस राज्यातलं हायावाथा हे गाव. कृष्णवर्णीय कुटुंब. शिकायला गेले कॅन्सस विद्यापीठात, आणि तिथे कोण शिकवत होतं, तर डॉ. जेम्स नेस्मिथ. ज्यांनी १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या बाल्कनीला ठोकून बास्केटबॉल हा खेळच शोधून काढला, ते नेस्मिथ! म्हणजे बघा, खेळ ज्यांनी काढला त्यांच्याकडूनच हा मुलगा खेळ शिकला, पण विद्यापीठाच्या टीममध्ये त्याला जागा नव्हती, कारण टीम फक्त गोऱ्यांची. पोहण्याच्या तलावात उतरला तर तलावाचं पाणी काढून टाकलं. चवदार तळ्याचं नंतर ‘शुद्धीकरण’ केलं गेलं होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

नेस्मिथ सर मात्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. एकदा दोघं चालत निघाले असताना लहान पोरं खेळताना दिसली, बॉल जिकडे जाईल तिकडे सगळी पोरं धावतायत, पूर्ण कोर्टभर. सरांनी ते दाखवलं, आणि मॅकलेंडन यांच्या डोक्यात तेच बसलं, की हा खेळ पूर्ण कोर्टावर खेळायचा आहे. त्या काळी बॉल सावकाश पुढे न्यायचा, उभं राहून पास करायचा अशी पद्धत होती. यांनी पळायला लावलं. पूर्ण कोर्ट, दोन्ही बाजूंनी, अटॅकला पण आणि डिफेन्सला पण.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नेस्मिथ यांनी हा खेळ वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, शाळेत शोधला, आपल्याकडेही तो वायएमसीएवाल्यांनीच आणला, मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएचं नाव जुन्या खेळाडूंना सांगावं लागत नाही. तर हे वायएमसीए लक्षात ठेवा, गोष्टीत परत येणार आहे.

आता गोष्ट. आजचं भाषण खरं तर मी या गोष्टीसाठीच करतोय.

१९४० मध्ये मॅकलेंडन नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम गावात एका छोट्या कॉलेजचे हेड कोच झाले. नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज, हे कॉलेजचं तेव्हाचं अधिकृत नाव. फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठीचं कॉलेज. आणि त्याच गावात, काही मैलांवर, श्रीमंत नामांकित ड्यूक विद्यापीठ, फक्त गोऱ्यांचं. बस वेगळी, हॉटेल वेगळं, नळ वेगळा, आणि टीमनी एकमेकांशी खेळायचं तर नावच नको. मॅकलेंडन यांच्या पोरांनी १९४४ च्या सीझनमध्ये फक्त एक मॅच हरली होती, फक्त एक, पण राष्ट्रीय स्पर्धांची दारं त्यांना बंद. ती पोरं किती चांगली आहेत हे मोजायला समोर कोणी नव्हतंच.

तेव्हा युद्ध चालू होतं. ड्यूकच्या मेडिकल स्कूलमध्ये लष्कराच्या प्रोग्रॅममधून डॉक्टरकी शिकायला वेगवेगळ्या राज्यांतून मुलं आली होती, त्यातली काही आपापल्या कॉलेजात गाजलेली खेळाडू. त्यांची जी टीम झाली ती राज्यात एक नंबर मानली जायची. आणि आता वायएमसीए. दोन्ही कॉलेजांतली काही मुलं वायएमसीएच्या बैठकीला गुपचूप एकत्र जमायची, प्रार्थना, चर्चा वगैरे. अशाच एका बैठकीत बास्केटबॉलचा विषय निघाला, कोणी म्हणालं आमची मेडिकलची टीम सगळ्यात भारी, तर हिकडचा म्हणाला मग आमच्याशी खेळून दाखवा.

बोलायला सोपं होतं हो. पण कोचनी ते मनावर घेतलं. विचार केला, आणि हो म्हणाले. नोकरी जाऊ शकत होती, कॉलेजवर संकट येऊ शकत होतं, पोरांच्या जिवाला धोका होता. मी उगाच वाढवून सांगत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच डरहॅममध्ये, एका कृष्णवर्णीय सैनिकाने बसमध्ये मागच्या सीटवर जायला वेळ लावला म्हणून ड्रायव्हरने त्याला गोळी घातली, सैनिक गेला आणि ड्रायव्हर कोर्टात निर्दोष सुटला. अशा गावात ही मॅच ठरत होती.

दिवस ठरला १२ मार्च १९४४, रविवार. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. रविवारच का, तर गाव चर्चमध्ये असतं, पोलीससुद्धा. ड्यूकची मुलं उसन्या आणलेल्या गाड्यांतून निघाली, सरळ रस्ता सोडून आडवळणाने, कोणी मागे येतंय का बघत बघत. कॉलेजपाशी उतरली, जॅकेटं डोक्यावरून ओढून घेतली आणि झपाझप जिममध्ये शिरली. शेवटचा माणूस आत आला आणि दाराला आतून कुलूप. पब्लिक नाही, बँड नाही, टाळ्या नाहीत. रेफ्री होता, घड्याळ होतं. मॅकलेंडन यांनी सगळं रीतसर ठेवलं होतं, खरी मॅच म्हणजे खरी मॅच.

आणि सुरुवातीला दोन्ही टीम घाबरलेल्या! साधे पास हातातून सुटतायत, समोरचा शॉट चुकतोय. अहो, त्या पोरांनी आयुष्यात कधी दुसऱ्या रंगाच्या माणसाच्या अंगाला अंग लावून खेळलेलं नव्हतं, चुकून जोरात धक्का लागला तर पुढे काय होईल हे कोणाला माहीत होतं. काही मिनिटं तसंच चाललं. मग मॅकलेंडन यांची पोरं मोकळी झाली. एकदा ती पळायला लागली, की मेडिकलवाल्यांना कळेचना बॉल कुठून कुठे जातोय. रिबाउंड, पास, पास, लेअप. पुन्हा रिबाउंड, पुन्हा तेच. आतली खबर काही विद्यार्थ्यांना लागली होती, ती खिडक्यांना लटकून बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची पोरं राज्यातल्या सगळ्यात भारी टीमला पळवून पळवून दमवत होती.

स्कोअर सांगतो. ८८ ला ४४. परत सांगतो, ८८ ला ४४. बरोब्बर दुप्पट.

पण मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग यानंतरचा आहे. मॅच संपली, सगळे घामाघूम, थोडं पाणी प्यायले, आणि मग त्या पोरांनी काय करावं? परत खेळायचं ठरवलं, या वेळी टीम मिसळून. दोन्हीकडची मुलं दोन्ही टीममध्ये, अर्ध्यांनी शर्ट काढले, शर्टवाले विरुद्ध बिनशर्टवाले. आपण गल्लीत करतो तसं! ज्या राज्यात एका नळाचं पाणी प्यायची बंदी, तिथे बंद दाराआड गोरा मुलगा कृष्णवर्णीय मुलाला पास देतोय आणि ओरडतोय, दे दे, इकडे दे. खेळून झाल्यावर हॉस्टेलवर जाऊन गप्पा मारत बसले, आणि मग पाहुणे आले तसे आडवळणाने परत गेले.

स्कोअरशीट ठेवली नाही. गावातल्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या एका बातमीदाराला कळलं होतं, त्याने एक ओळ छापली नाही. एवढी मोठी बातमी हातात असून ती पोटात ठेवणारा तो बातमीदार मला फार मोठा माणूस वाटतो. पन्नास वर्षं हे बाहेर आलं नाही. १९९६ मध्ये एका इतिहासकाराने शोधून लिहिलं तेव्हा जगाला समजलं.

जिमवरून आठवलं. मी ज्या कॉलेजात खेळलो तिथे सिमेंटचं कोर्ट होतं आणि दर लग्नसराईत त्यावर मांडव पडायचा, खांबांसाठी फ्री थ्रोच्या रेषेजवळ पहार मारून भोकं पाडायचे. आमचे सर सीझन सुरू व्हायच्या आधी स्वतः घमेलं आणि थापी घेऊन ती भोकं बुजवायचे, गोधडीसारखं ठिगळांनी भरलेलं कोर्ट. छोट्या कॉलेजचा कोच हा माळी असतो, ड्रायव्हर असतो, मुलाच्या वडिलांना फोन करून दहावी-बारावी आली म्हणून खेळ बंद करू नका हो असं विनवणारा माणूस असतो. पालकांनो, खरंच नका करू बंद. रोजचा एक तास पळून आलेलं पोर रात्री पुस्तक उघडून बसतं, मी वर्षानुवर्षं बघतोय.

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भरभर सांगतो. १९४६ मध्ये सीआयएए या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या संघटनेची बास्केटबॉल स्पर्धा सुरू करण्यात ते पुढे होते, ती अजून चालू आहे. मग टेनेसी ए अँड आय या कॉलेजला गेले, आणि १९५७, १९५८, १९५९, तीन वर्षं ओळीने छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्याआधी कोणत्याच कोचला जमली नव्हती, गोऱ्याही नाही. कॅन्सस सिटीला खेळायला जाताना त्यांनी अट घातली, माझी पोरं बाकीच्या टीमसारखी शहरातल्या हॉटेलात राहतील, नाहीतर आम्ही येत नाही. आणि पोरं राहिली त्या हॉटेलात. पुढे क्लीव्हलँडला प्रोफेशनल टीमचे कोच झाले, १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात गेले, प्रामुख्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात हेड कोच झालेले ते पहिले कृष्णवर्णीय.

बास्केटबॉलमधल्या थोर लोकांची नावं जिथे कायमची लावतात त्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव १९७९ मध्ये लागलं, पण कोच म्हणून नाही, खेळाला हातभार लावणारे म्हणून. मला याचा राग येतो, अजून येतो. १९९९ मध्ये ते गेले. कोच म्हणून त्यांचं नाव तिथे लागलं २०१६ ला, आणि ज्या सभागृहात ते लागलं त्याला नाव आहे त्यांच्याच सरांचं, नेस्मिथ यांचं.

नमस्कार.