भिरूड: आंब्यातून अंजिरात

बुंध्याशी पडलेला हा भुसा बघा. जाडसर, तांबूस, हाताला ओलसर लागणारा. वर पानं हिरवीगार आहेत, फांद्यांवर अंजिरं धरली आहेत. खोड मात्र आतून पोखरलं जातंय.

ही बाग इस्रायलमधली आहे. कीड आपल्या ओळखीची. कोकणातले आंबा बागायतदार तिला भिरूड म्हणतात. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. मूळची दक्षिण आणि आग्नेय आशियातली. पुढे ती मॉरिशस, मादागास्कर, कॅरिबियन बेटांवर गेली आणि गेल्या शतकाच्या मध्याला इस्रायलमध्येही पोहोचली. लाकडाच्या आत बसलेली अळी बंदरात कोणाला दिसणार?

या किडीचा प्रौढ भुंगेरा देखणा असतो. करडा-तपकिरी, सुमारे दोन इंच लांब, डोक्यामागे दोन नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा मोठ्या. तो कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, तेवढ्याने झाड मरत नाही. मादी सालीला चीर पाडून त्यात अंडं घालते आणि तिथून खरा घात सुरू होतो. अळी पांढुरकी, बिनपायाची. पूर्ण वाढली की आपल्या बोटाएवढी. आधी ती सालीखाली खाते, मग खोडात शिरते. अन्नपाण्याची वाट तुटते, फांद्या वाळतात. पोकळ झालेलं झाड एखाद्या वाऱ्यात मोडूनही पडतं.

इस्रायलमधल्या संशोधकांनी भुंगेरे फिरत्या दांड्याला जोडून ते किती अंतर उडतात हे मोजलं. काही भुंगेरे अंजिराच्या लाकडात वाढलेले, काही डहाळ्या मिसळलेल्या लाकडाच्या भुश्यावर, म्हणजे निकृष्ट खाण्यावर. लाकडातले अंगाने मोठे निघाले. पण लांब उडाले ते भुश्यावरचे लहान भुंगेरे! देहाच्या मानाने त्यांचे उडण्याचे स्नायू मोठे होते.

याचा अर्थ बागायतदाराने नीट समजून घ्यायला हवा. मरायला टेकलेल्या झाडात अळी अर्धपोटी वाढते, आणि त्यातून निघालेला भुंगेरा दूरचं झाड गाठायला जास्त लायक असतो. ‘हे झाड गेलंच’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाठ फिरवतो, आमच्या मते बागेला सगळ्यात मोठा धोका त्याच झाडाचा आहे.

कोकणात पावसाच्या सुरुवातीला भुंगेरे बाहेर पडू लागतात. ताजा भुसा दिसला की छिद्र शोधायचं, तारेच्या आकड्याने अळी ओढून काढायची, शिफारशीतलं औषध आत सोडून तोंड चिखलाने लिंपायचं. हे झालं वाचणाऱ्या झाडाचं. जे वाचणार नाही, ते पावसाआधीच तोडून जाळायचं. सरपण म्हणून बागेच्या कडेला रचून ठेवलंत, तर आतली अळी तिथेही वाढ पुरी करते आणि भुंगेरा त्या ढिगातूनही उडतो.