बाहेरून

श्रोतेहो, नमस्कार.

"अमुकतमुक बाई बी.ए. झाल्या की!" असं कुणी म्हटलं की पाठोपाठ दुसरं कुणीतरी हळूच म्हणतं, "हो, पण बाहेरून." बाहेरून, म्हणजे रोज कॉलेजात न जाता, घरी अभ्यास करून. हे 'बाहेरून' उच्चारताना आवाज जरा खाली जातो, तुमच्या लक्षात आलंय का? जसं काही बाई कुंपणावरून उडी मारून आत शिरल्या.

मी गेली अकरा वर्षं पुण्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर दर रविवारी सकाळी शिकवते. मुक्त शिक्षणाच्या भाषेत मला 'समंत्रक' म्हणतात. वर्गातले मॅडमच म्हणतात. समोर कोण कोण असतं सांगू? चाकणची रात्रपाळी संपवून परस्पर आलेला ऑपरेटर, डोळे लालभडक. पीएमपीचे एक कंडक्टर. अंगणवाडीत काम करणारी ताई, कारण पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते. आणि धायरीहून येणारी एक गृहिणी. तिची मुलगी बारावीला, आणि ही घरी "मंडईत जाऊन येते" असं सांगून वर्गाला यायची.

तसं पुण्याला हे नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा काय कामाची, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले, आधी आपल्या पुणे विद्यापीठाचेच कुलगुरू होते. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद तुम्ही ऐकलं असेल, 'ज्ञानगंगा घरोघरी'.

फायदे उघड आहेत, त्यात फार वेळ घालवत नाही. नोकरी सोडावी लागत नाही, रोजचं जाणं-येणं वाचतं, आणि बऱ्याच विषयांची पुस्तकं मराठीत, एकट्यानं वाचून समजतील अशी असतात. पदवीला किंमत आहे का, हा प्रश्न मात्र दर वर्षी येतो. आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणानं घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. 'मान्यताप्राप्त' हा शब्द तेवढा धरून ठेवा. पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचंही नाव बघा. आणि घरबसल्या इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची पदवी देतो म्हणणारा भेटला, तर चहासुद्धा न पिता उठा.

आता अडचणी. ज्ञानगंगा घरी येते खरी, पण घरात हंडा ठेवायला जागा कुठंय? माझ्या वर्गातल्या कुणालाच डोकं कमी नाही. त्यांना कमी पडतो तो स्वतःच्याच घरात मागून घेतलेला एक तास. मुलाची परीक्षा असली की टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना "नंतर या" सांगतात. आई परीक्षेला बसली की कुकर तिनंच लावायचा. पुरुषांचंही फार वेगळं नाही. "या वयात कशाला?" हे त्यांना घरापेक्षा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जास्त ऐकावं लागतं.

दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे हात. वीस-बावीस वर्षांत सही आणि वाण्याची यादी यापलीकडे काही लिहिलेलं नसतं. मग तीन तासांचा पेपर! आमच्या कंडक्टरकाकांनी पहिल्या सराव परीक्षेत चाळीस मिनिटांत पेन ठेवलं. उत्तर येत होतं, बोटं वळेनात. म्हणाले, "मॅडम, दिवसाला हजार तिकिटं फाडलीत या हातानं, पण पान भरत नाही." तेव्हापासून मी पहिल्याच रविवारी सांगते, रोज एक पान लिहा. पेपरातला अग्रलेख उतरवून काढा, काहीही चालेल.

स्वाध्यायांचं तर बोलायलाच नको. तयार उत्तरांच्या झेरॉक्स सर्रास मिळतात, आणि थकलेला माणूस त्या घेतो. मी रागावते, पण रात्रपाळीवाल्याला किती रागावणार?

आणि कारभार. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेत, दिलेल्या पेपरापुढे 'गैरहजर' छापून आलं. फोन उचलला जाईना, ईमेलला उत्तर नाही. कॉलेजातली मुलं घोळक्यानं जाऊन ऑफिसच्या खिडकीशी उभी राहतात. ही बिचारी एकटी, तीन अर्ध्या रजा टाकून हेलपाटे घालत राहिली. दुरून शिकणाऱ्याला घोळका नसतो. म्हणून आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप मला पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो, त्यावर सुप्रभातची फुलं कितीही येवोत.

धायरीच्या बाईंचं राहिलंच. त्यांचं हॉलतिकीट एकदा भाजीच्या पिशवीत मेथीखाली मुलीला सापडलं. घरात आधी हसू झालं, मग थोडं रडूही. आता मायलेकी एकाच टेबलावर बसतात. रविवारी दुपारी लेक मोबाइलवर तीन तासांचा गजर लावते, आणि तो वाजला की आईचं वाक्य अर्धं असलं तरी कागद ओढून घेते. "पेन खाली ठेव, आई."

नमस्कार.